पेडलला वीज देताना

गिटारचं पेडल घ्यायचं ठरलं की माणूस महिनाभर व्हिडिओ ऐकतो, चार मित्रांना विचारतो, दुकानदाराशी घासाघीस करतो. घरी आल्यावर मात्र खणात पडलेला कुठला तरी काळा अ‍ॅडॉप्टर शोधतो, पिन बसतेय एवढं बघतो आणि खुपसून मोकळा होतो. मग एक तर पेडल सतत घूं करत राहतं, किंवा एकदाच चरचरून कायमचं गप्प होतं. दोन्ही वेळा बोल पेडललाच लागतो. आवाजाच्या ज्या तक्रारी घेऊन लोक दुरुस्तीवाल्याकडे जातात, त्यातल्या पुष्कळशा पेडलच्या नसतात. वीज चुकीची असते. आणि ती दुरुस्त करायला बहुतेक वेळा महागडं काही विकत घ्यावं लागत नाही. एक साधा डिजिटल मल्टिमीटर आणि अ‍ॅडॉप्टरवरचं बारीक अक्षर वाचण्याची सवय, एवढ्यावर भागतं.

हा लेख गिटार वाजवणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे, पण बेस, कीबोर्ड, व्हायोलिन, गणपतीतल्या बँजो पार्टीचा इलेक्ट्रिक बँजो, ज्याला म्हणून पेडल जोडता येतं त्या सगळ्यांना तो लागू आहे.

बहुतेक पेडलना लागते ती ९ व्होल्टची डीसी वीज. हा आकडा कुठल्या शास्त्रीय सिद्धांतातून आलेला नाही. १९६२ साली आलेलं माएस्ट्रोचं ‘फझ-टोन’ हे बाजारात विकल्या गेलेल्या पहिल्या काही पेडलांपैकी एक. ते दीड व्होल्टच्या दोन सेलवर, म्हणजे ३ व्होल्टवर चालायचं. त्याच सुमाराला ट्रान्झिस्टर रेडिओमुळे ती चौकोनी, डोक्यावर दोन बटणं असलेली ९ व्होल्टची बॅटरी जगभर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागली होती. पेडल बनवणाऱ्यांनी ती उचलली आणि पुढचा सगळा कारभार त्या बॅटरीच्या मापाने झाला. अ‍ॅडॉप्टर नंतर आले, तेही ९ व्होल्टचेच. पेडलच्या बाबतीत मूळ बॅटरी आहे आणि अ‍ॅडॉप्टर तिचा बदली कामगार आहे, हे लक्षात ठेवलं तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

बॅटरी जुनाट नाही

आजकाल बॅटरी वापरणं म्हणजे मागासलेपणा असा एक समज आहे. मला तो पटत नाही. बॅटरीतून येणारी वीज सरळ असते, तिच्यात भिंतीतल्या ५० हर्ट्झची गुणगुण नसते आणि तिचा दुसऱ्या कुठल्याही पेडलशी तारेने संबंध नसतो. हजारो रुपयांचा पॉवर सप्लाय जे काम करतो, ते चौकोनी बॅटरी एका पेडलपुरतं जन्मतःच करत असते. प्रश्न फक्त ती किती तास पुरणार एवढाच.

त्याचं गणित सोपं आहे. ९ व्होल्टच्या बऱ्या अल्कलाइन बॅटरीत साधारण ५०० मिलिअँपिअर-तास एवढा साठा असतो. बॉसचं नारिंगी डीएस-१ डिस्टॉर्शन सुमारे ४ मिलिअँपिअर ओढतं. ५०० भागिले ४ म्हणजे कागदावर सव्वाशे तास. रोज तासभर रियाज केला तरी काही महिन्यांची निश्चिंती. आता त्याच कंपनीचं डीडी-७ हे डिजिटल डिले घ्या. ते ५५ मिलिअँपिअर ओढतं. कागदावर ९ तास, आणि प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी. कारण जास्त ओढ पडली की बॅटरी आपला पूर्ण साठा देत नाही, आणि डिजिटल पेडल बॅटरी रिकामी होण्याच्या कितीतरी आधी मान टाकतं. स्ट्रायमनच्या टाइमलाइनसारख्या मोठ्या डिलेला किमान ३०० मिलिअँपिअर लागतात. त्यात बॅटरीचा कप्पाच दिलेला नाही, आणि ते बरोबर आहे.

म्हणून ढोबळ नियम असा: फझ, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, वाह, साधा बूस्टर ही मंडळी बॅटरीवर सुखाने नांदतात. डिले, रिव्हर्ब, लूपर, मल्टि-इफेक्ट यांना अ‍ॅडॉप्टर द्या. जुन्या पद्धतीच्या फझमध्ये तर गंमत अशी की आवाजाचं सर्किट एक मिलिअँपिअरच्या आसपास खातं आणि त्यावर लावलेला लाल दिवा त्याच्या काही पट! बॅटरी संपवतो तो दिवा, आवाज नव्हे.

बॅटरी घेताना पाकिटावरचं नाव पाहण्याआधी जात पाहा. ६एफ२२ असं लिहिलं असेल तर ती साधी झिंक-कार्बन. आपल्याकडे मल्टिमीटरमध्ये आणि खेळण्यात सर्रास असते ती हीच. स्वस्त, पण साठा कमी आणि जुनी झाली की गळते. ६एलआर६१ म्हणजे अल्कलाइन. पेडलसाठी सहसा हीच घ्यावी. रिचार्जेबलमध्ये दोन प्रकार भेटतात. निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी वर ९ व्होल्ट छापून विकली जात असली, तरी आत किती सेल आहेत त्यानुसार ती सहसा ७.२ किंवा ८.४ व्होल्टची असते, ७.२ वाली पेडलला जेमतेम पुरते. यूएसबी वायरने चार्ज होणारी लिथियमची बॅटरी आत एक छोटं इलेक्ट्रॉनिक सर्किट ठेवून व्होल्टेज ९ च्या आसपास बसवते. त्या सर्किटचा बारीक सूर काही पेडलांतून ऐकू येतो, काहींतून येत नाही. घेण्याआधी स्वतःच्या पेडलवर लावून, डिस्टॉर्शन पूर्ण चढवून ऐका.

झिंक-कार्बन टाकाऊ मात्र नाही. फझ फेससारख्या सर्किटवर प्रेम असणारे बरेच वादक मुद्दाम तीच घालतात. या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, व्होल्टेज जरा खाली बसतं आणि फझचा कडकपणा मऊ होतो. टेक्सासचा गिटारवादक एरिक जॉन्सन तर बॅटरीच्या ब्रँडचाही फरक ऐकू येतो असं म्हणण्याबद्दल प्रसिद्ध आहे. ब्रँडचं त्याचं त्याला माहीत, पण अर्धी उतरलेली झिंक-कार्बन आणि कोरी अल्कलाइन यांतला फरक फझवर कुणालाही ऐकू येतो. स्वच्छ आवाजाच्या कोरस किंवा कंप्रेसरवर असले प्रयोग करत बसू नका, तिथे उतरलेली बॅटरी म्हणजे नुसता फाटका आवाज.

आता सगळ्यात जास्त बॅटऱ्या फुकट घालवणारी गोष्ट. बहुतेक पेडलांना चालू-बंद करायचं वेगळं बटण नसतं. पायाने दाबतो तो स्विच फक्त इफेक्ट चालू-बंद करतो, वीज नव्हे. विजेचं बटण म्हणजे ‘इनपुट’ लिहिलेला जॅक. त्या जॅकला आत तीन टोकं असतात. गिटारची कॉर्ड खुपसली की त्यातली दोन टोकं एकमेकांना जोडली जातात आणि बॅटरीचा निगेटिव्ह सर्किटला मिळतो. थोडक्यात, दिवा बंद असला तरी इनपुटमध्ये कॉर्ड आहे तोवर बॅटरी जळते आहे. रियाज संपला की कॉर्ड काढा. आउटपुटची काढून उपयोग नाही, इनपुटची काढा. हीच गत आत प्रीअँप बसवलेल्या इलेक्ट्रो-अकूस्टिक गिटारची आणि अ‍ॅक्टिव्ह बेसची. रात्रभर कॉर्ड लावून स्टँडवर ठेवलेल्या गिटारची बॅटरी कार्यक्रमाच्या दिवशी संपलेली निघते, आणि त्या वाद्यांना अ‍ॅडॉप्टरची सोयच नसते.

बॅटरी जिवंत आहे की नाही हे जिभेला लावून पाहणारे लोक अजून आहेत. ते सोडा, मल्टिमीटर लावा. कोरी अल्कलाइन साडेनऊच्या आसपास दाखवते. ८ च्या खाली गेली की कार्यक्रमाला नेऊ नका, घरी वापरा. ७ ला आली की काढून टाका. एक फसवणूक इथे होते: पेडलमधून बाहेर काढलेली थकलेली बॅटरी जरा विश्रांती मिळाली की मीटरवर बरा आकडा दाखवते आणि ओझं पडल्याबरोबर पुन्हा बसते. शंका असली तर बदलाच. आणि महिना-दोन महिने वाजवणार नसाल, विशेषतः पावसाळ्यात, तर बॅटरी काढून ठेवा. गळलेल्या बॅटरीचं पाणी क्लिपवर आणि तारांवर हिरवट थर चढवतं. बॅटरी काही रुपयांची जाते, पण क्लिप बदलायला पेडल उघडावं लागतं. सुटी बॅटरी गिटारच्या बॅगेत जादा तारा आणि किल्ल्यांबरोबर टाकू नका. दोन बटणांवर एखादी तार आडवी पडली की बॅटरी तापते. डोक्यावर चिकटपट्टीचा तुकडा लावला की काम झालं.

अ‍ॅडॉप्टरवरची अक्षरं

अ‍ॅडॉप्टर घेताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: वीज डीसी आहे की एसी, व्होल्ट किती, पिनची बाजू कुठली आणि मिलिअँपिअर किती. पहिल्या तिन्ही तंतोतंत जुळायला हव्यात. चौथी गोष्ट पेडलच्या गरजेइतकी किंवा जास्त.

लोक नेमके उलटे घाबरतात. ‘माझं पेडल १० मिलिअँपिअरचं आणि अ‍ॅडॉप्टर १००० चा, जळेल ना?’ असं हमखास विचारलं जातं. नाही जळणार. पेडल हवी तेवढीच वीज ओढतं, अ‍ॅडॉप्टर ती जबरदस्तीने आत ढकलत नाही. उलट १०० चा अ‍ॅडॉप्टर ३०० मागणाऱ्या रिव्हर्बला लावला तर रिव्हर्ब सुरूच होणार नाही किंवा मध्येच बंद पडेल, आणि अ‍ॅडॉप्टर तापून मरेल. सगळ्या पेडलांची बेरीज करा आणि त्याच्या दीडपट क्षमतेचा अ‍ॅडॉप्टर घ्या. डीएस-१ चे ४, एमएक्सआर कार्बन कॉपीचे २६ आणि डीडी-७ चे ५५ धरले तर झाले ८५. तीन पेडलांच्या या बोर्डाला २०० चा अ‍ॅडॉप्टर आरामात पुरतो. पुढे-मागे पेडल वाढणारच, म्हणून ५०० चा घेतलात तर शहाणपणाचं.

व्होल्टच्या बाबतीत मात्र दया-माया नाही. ९ च्या पेडलला १२ किंवा १८ लावून ‘हेडरूम वाढतो’ असं ऐकलं असेल. काही ओव्हरड्राइव्ह १८ व्होल्ट खरोखरच सोसतात आणि त्यांच्या माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं. पण ज्या पेडलमध्ये आत व्होल्टेज दुप्पट करणारी मॅक्स-१०४४ सारखी चिप असते, ती चिप साडेदहा व्होल्टच्या वर गेली की संपते. बाहेरून बघून आत ती आहे का हे कळत नाही. माहितीपत्रकात लिहिलेलं नसेल तर प्रयोग करू नका.

पिनची बाजू, म्हणजे पोलॅरिटी, ही सगळ्यात जास्त पेडल मारणारी गोष्ट. पेडलांच्या दुनियेत बाहेरचा व्यास ५.५ मिलिमीटर आणि आतलं भोक २.१ मिलिमीटर अशी गोल पिन चालते, आणि तिच्यात मधला भाग निगेटिव्ह असतो. ही पद्धत बॉसमुळे रूढ झाली. बाकीचं जग, म्हणजे वायफायचा राउटर, सीसीटीव्ही, एलईडीची पट्टी, यामाहाचे पुष्कळ कीबोर्ड, मधला पॉझिटिव्ह ठेवतं आणि बहुतेक १२ व्होल्टवर चालतं. पिन मात्र तीच! राउटरचा अ‍ॅडॉप्टर पेडलमध्ये अगदी मापाने बसतो, इथेच घात होतो. अ‍ॅडॉप्टरवर एक छोटं चित्र असतं: मध्ये एक ठिपका, भोवती अर्धवट गोल, आणि दोन्हींकडून निघालेल्या रेघांच्या टोकांना अधिक-उणेची खूण. ठिपक्याकडची रेघ उणे खुणेकडे गेली पाहिजे. चित्र पुसलं गेलं असेल तर मल्टिमीटरची लाल सुई पिनच्या भोकात आणि काळी बाहेरच्या पत्र्याला लावा. उणे ९ दिसलं तर तुमच्या कामाचा.

बऱ्याच पेडलांत उलटी वीज आली तर ती अडवायला एक डायोड असतो. त्याच्या भरवशावर राहू नका. पुष्कळ सर्किटांत हा डायोड उलटी वीज स्वतःतून शॉर्ट करतो. अ‍ॅडॉप्टर दणकट असला तर डायोडच जळतो. तसं झालं तर निराश होऊ नका. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेच्या तापकीर गल्लीत १एन४००१ नावाचा तो डायोड अगदी किरकोळ पैशात मिळतो आणि सोल्डरिंग येणारा कुणीही तो बदलून देतो. बाकी सर्किट बहुतेक वेळा शाबूत असतं.

डीसी की एसी हे बघायला लोक विसरतात, कारण ९ व्होल्ट एवढंच डोळ्यात भरतं. आकड्यापुढे सरळ रेघ आणि खाली तुटक रेघ असेल तर डीसी, नागमोडी रेघ असेल तर एसी. डिजिटेकच्या व्हॅमीची चौथी आवृत्ती ९ व्होल्ट एसीवर चालते आणि पाचवी डीसीवर. दिसायला दोन्ही लालभडक, जवळजवळ जुळी. सेकंडहँड घेताना कुठल्या आवृत्तीबरोबर कुठला अ‍ॅडॉप्टर दिला आहे हे तिथल्या तिथे तपासा.

आणि अमेरिकेतून पेडल मागवणाऱ्यांसाठी: तिकडून भाऊ-वहिनीने आणलेल्या पेडलबरोबर आलेला अ‍ॅडॉप्टर भिंतीत खुपसण्याआधी त्यावरचं ‘इनपुट’ वाचा. १०० ते २४० असेल तर बिनधास्त लावा. नुसतं १२० असेल तर तो तिकडेच राहिला असता तरी चाललं असतं, आपल्या २३० व्होल्टवर तो जळणार. पेडलला स्वतःला देशाशी काही देणंघेणं नाही, त्याला ९ व्होल्ट मिळाले की झालं. इथला अ‍ॅडॉप्टर लावा.

जुन्या बॉस पेडलांबद्दल एक शंका वारंवार येते. पेडलवर ‘एसीए’ मालिकेचा अ‍ॅडॉप्टर लावा असं लिहिलेलं असेल आणि तुम्ही हल्लीचा ‘पीएसए’ लावला, तर दिवा मिणमिणता लागतो आणि आवाज दबतो. पेडल बिघडलेलं नसतं. ते अनियंत्रित, १२ च्या आसपास व्होल्ट देणाऱ्या जुन्या अ‍ॅडॉप्टरसाठी बनवलेलं असतं आणि आत थोडं व्होल्टेज मुद्दाम खाल्लं जातं. त्यात बॅटरी घालून बघा, खणखणीत वाजेल.

घूं आणि सूं

एका अ‍ॅडॉप्टरला पाच-सहा पिनांची माळ लावून सगळी पेडल चालवणं हा सर्वात स्वस्त मार्ग. याला डेझी चेन म्हणतात. सगळी पेडल अ‍ॅनालॉग असतील तर ही माळ मजेत चालते आणि महागडा सप्लाय घेण्याची गरज नाही, दुकानदार काहीही म्हणो. कटकट सुरू होते ती माळेत डिजिटल पेडल आलं की. चाळीत एकाच नळाच्या पाइपवर सगळी बिऱ्हाडं असली की वरच्याने बादली लावल्याबरोबर खालच्याची धार बारीक होते. तसं डिजिटल पेडल आपल्या घड्याळाच्या ठोक्याने वीज झटक्याझटक्याने ओढतं आणि ते झटके सामाईक तारेतून शेजारच्या डिस्टॉर्शनच्या पोटात जातात. डिस्टॉर्शनचं कामच बारीक गोष्ट मोठी करणं. त्याला सूं ऐकू आली की ते ती अँपमधून सगळ्या हॉलला ऐकवतं. दोन डिजिटल पेडल असली तर त्यांच्या घड्याळांच्या फरकातून एक तिसरीच शिट्टी जन्माला येते.

आधी आवाज कुठला ते ओळखा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि अ‍ॅडॉप्टरमध्ये ती डीसी होताना जो लहरीपणा उरतो तो १०० हर्ट्झचा. गिटारच्या सर्वात जाड तारेवर तिसऱ्या पट्टीला वाजणारा जी सूर ९८ हर्ट्झचा असतो. तो वाजवा आणि घूं शी ताडून बघा. जवळपास जुळला, तर गुणगुण भिंतीतून येते आहे. उंच शिट्टी, टिकटिक किंवा किरकिर असेल तर डिजिटल पेडल किंवा स्विचिंग अ‍ॅडॉप्टर. आता गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. घूं नाहीशी झाली तर ती पिकअपमधून येत होती. उभ्या जागी गिटार फिरवली की कमी-जास्त होते, पेडलच्या विजेचा त्यात दोष नाही. शून्यावरही कायम राहिली तर एकेक पेडल माळेतून काढून त्यात बॅटरी घालत जा. ज्याच्या वेळी आवाज थांबला, तो गुन्हेगार किंवा त्याचा बळी.

आणि इथेच बहुतेकांचा प्रश्न कमी खर्चात सुटतो. डिस्टॉर्शनला बॅटरी ठेवा, डिलेला अ‍ॅडॉप्टर द्या. दोघांची वीज वेगळी झाली, शिट्टी संपली. बॅटरी नको असेल तर दोन अ‍ॅडॉप्टर घ्या, एक अ‍ॅनालॉग पेडलांच्या माळेला आणि एक डिजिटलला. सहा-सात पेडलांच्या वर बोर्ड गेला, त्यात दोन-तीन डिजिटल असली आणि महिन्याला काही कार्यक्रम असले, तर मग खराखुरा आयसोलेटेड सप्लाय घ्या. त्यात प्रत्येक पिनची वीज आतून वेगळी केलेली असते. बाजारात डब्यावर ‘आयसोलेटेड’ छापलेले काही स्वस्त सप्लाय आतून मात्र एकच माळ असतात. ते ओळखायला सप्लाय भिंतीतून काढा, एकही पेडल जोडू नका, मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून दोन वेगवेगळ्या आउटपुटच्या निगेटिव्ह टोकांना सुया लावा. बीप वाजला तर तो आयसोलेटेड नाही. ही परीक्षा दुकानातच घ्यावी. दुकानदार जरा नाराज होतो, होऊ द्यावा.

डेझी चेन वापरणाऱ्यांनी एक बारीक गोष्ट सांभाळायची. मधला निगेटिव्ह म्हणजे पिनचा बाहेरचा पत्रा पॉझिटिव्ह. माळेतली एखादी पिन रिकामी लोंबत असेल आणि तिचा पत्रा पेडलच्या धातूच्या अंगाला किंवा कॉर्डच्या जॅकला टेकला, तर सगळी माळ शॉर्ट होते आणि सगळी पेडल एका क्षणात बंद. रिकाम्या पिनांना चिकटपट्टी गुंडाळा. जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं जुन्या धाटणीचं फझ असेल तर ते माळेत बसवूच नका. त्यातली बरीच पॉझिटिव्ह ग्राउंडची असतात, कॉर्डमधून सगळ्यांचे ग्राउंड एकत्र आले की हाच शॉर्ट घडतो. फझ फेसच्या मूळ नमुन्याला अ‍ॅडॉप्टरचा जॅकच नव्हता. त्यांना बॅटरी द्या, किंवा आयसोलेटेड सप्लायची स्वतंत्र पिन आणि उलट्या पोलॅरिटीची वायर.

पॉवर बँकेचा मोह हल्ली अनेकांना होतो. ५ व्होल्टचे ९ करणारी वायर मिळते आणि चालते. पण अनेक पॉवर बँका ओढ फार कमी असली की ‘फोन चार्ज झाला’ असं समजून स्वतःहून बंद होतात. दोन ओव्हरड्राइव्हवर ऐन गाण्यात वीज जाते, डिले जोडलेला असला की टिकते. राउटरच्या छोट्या यूपीएसचंही असंच: ९ व्होल्टचं आउटपुट असेल आणि पोलॅरिटी उलटवणारी वायर लावली तर कामाला येतो, पण मीटरने मोजल्याशिवाय नको. आणि घरात जुना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर असेल तर लोडशेडिंगमध्ये ट्रान्सफॉर्मरवाला अ‍ॅडॉप्टर जास्तच गुरगुरतो. ती वेळ बॅटरीची.

मांडवातला बोर्ड

घरात शांत असणारं पेडलबोर्ड मांडवात किंवा शाळेच्या हॉलमध्ये गेल्यावर गुरगुरतं, तेव्हा दोष सहसा तिथल्या विजेचा असतो. अँप, पेडलचा सप्लाय आणि शक्य तर साउंडवाल्याचा मिक्सर विजेच्या एकाच बोर्डवरून घ्या. लाइटच्या डिमरवाल्या, फ्रिज किंवा मोटर असलेल्या लाइनपासून दूर राहा. अ‍ॅडॉप्टरची वायर आणि कॉर्ड एकमेकींना समांतर चिकटवू नका. ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा.

गुणगुणीपेक्षा गंभीर गोष्ट अर्थिंगची. गिटारच्या तारा पेडल आणि कॉर्डमधून अँपच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. माइकची जाळी साउंडवाल्याच्या अर्थिंगला. हात तारांवर आणि ओठ माइकला लागले की तुम्ही त्या दोघांमधली तार होता. दोन्ही अर्थिंग ठीक असतील तर काही होत नाही. एकाचं तुटलेलं असेल तर होतं. ३ मे १९७२ रोजी वेल्समधल्या स्वॉन्झी शहरात ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वी मंचावरच्या, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून जागीच गेला.

दोन पिनांच्या स्विचिंग अ‍ॅडॉप्टरमुळेही तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. आत विजेची आणि पेडलची बाजू जोडणारा एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून किरकोळ गळती होते. अँपला नीट अर्थिंग असलं की ती तिथून निघून जाते. म्हणून झिणझिण्या आल्या तर ‘एवढं चालतं’ म्हणू नका. गळती किरकोळ आहे की मागे अँपच्या अंगावर पूर्ण फेज आला आहे, हे बोटांना कळत नाही. वाजवायला उभं राहण्याआधी माइकच्या जाळीला आणि गिटारच्या तारांना टेस्टर लावून बघा. मांडवाच्या इलेक्ट्रिशियनला बोर्डवर मोजायला सांगा: फेज आणि अर्थमध्ये २३० च्या आसपास, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोन-चार व्होल्ट. आकडे तसे नसतील तर जोडणी दुरुस्त होईपर्यंत थांबा.

घूं घालवण्यासाठी अँपच्या प्लगची तिसरी, जाड पिन काढून टाकायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईल, आणि तो देणारा बहुधा अनुभवी माणूस असेल. घूं खरंच थांबतेही. तरी ती पिन काढू नका, आणि ज्या अँपची आधीच काढलेली आहे तो वाजवू नका.